नामदेवभाऊंचं सरकतं छप्पर

वेल्डिंगचा धंदा करणारा माणूस पांढरा शर्ट घालत नाही. ठिणग्या उडतात, ग्रीस लागतं आणि घरी गेल्यावर बायकोचं ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. आमचे नामदेवभाऊ कटरे मात्र गोंदियाच्या राइस मिलांच्या रस्त्यावर, जिथे कावळासुद्धा सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त काळा दिसतो, रोज पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतात. वर्कशॉप उघडण्याआधी ते या रस्त्यावरून सावकाश एक फेरी मारतात. प्रत्येक मिलच्या धुराड्याखाली क्षणभर उभे राहतात. फेरी संपली की मान वाकडी करून आधी डावा खांदा पाहतात, मग उजवा.

"हा शर्ट नाही दिलीपबाबू," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "मीटर आहे."

या मीटरमागचं शास्त्र असं. धान भरडल्यावर जे टरफल निघतं त्याला आमच्याकडे भुसा म्हणतात. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवायचं, त्याला वाफ द्यायची, वाळवायचं आणि मग भरडायचं. ती वाफ करायला बॉयलरमध्ये भुसाच जाळतात. नीट जळला तर वाफ होते. अर्धवट जळला तर काळे कण होऊन धुराड्यातून वर जातो आणि लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुरड्यांवर आणि नामदेवभाऊंच्या खांद्यांवर उतरतो. बाकीचे लोक त्याला घाण म्हणतात. नामदेवभाऊ त्याला नुकसान म्हणतात. ते सरळ मिलमालकाच्या केबिनमध्ये शिरायचे आणि खांदा पुढे करायचे.

"शेठ, तुमचा भुसा आनला परत. उडालं ते बुडालं!"

'उडालं ते बुडालं' हे त्यांचं ब्रीद. बोलण्यात, भांडणात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ते निघतं. पंगतीत गरम भाताची वाफ निघताना पाहूनही ते हळहळतात. मीटर त्यांचं असलं तरी ते धुण्याचं काम कमलवहिनींकडे आहे. "मीटर याचा अन् बिल माह्या साबनाचं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

माझं दुकान त्यांच्या वर्कशॉपला लागून आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मला कष्टाची फारशी आवड नाही, म्हणून मी बसून करायचा धंदा निवडला. पण शेजार निवडायचा राहून गेला. आठवड्यातून एकदा तरी नामदेवभाऊ स्टूल ओढून बसतात आणि सरकारला पाठवायचा प्रस्ताव सांगायला लागतात. मथळा ठरलेला असतो: 'कामठा ते प्रतापगड हरित तंत्रज्ञान पट्टा'. कामठा त्यांचं गाव. प्रतापगड हे जिल्ह्याचं दुसरं टोक. मधलं सगळं त्यांनी एकाच मथळ्यात घेऊन टाकलेलं.

"तंत्रज्ञान पट्टा म्हटलं की लोक हसतील हो," मी एकदा म्हणालो.

"काऊन हसतीन? टेक्नॉलॉजी मंजे काय काचेच्या इमारतीत बसून कॉफी पेऊन राहिले तेच काय? या रस्त्यावर पाहा. लेथ आहे, वेल्डिंग आहे, चाळण्या बनवनारे आहेत. बालाघाटची मिल बंद पडली तं फोन कोनाले येते?"

"आपल्याला."

"मंग पट्टा कोनाचा झाला?"

"आपलाच," मी म्हणालो, कारण चहा त्यांनी सांगितला होता.

"आता याले फक्त हिरवं करा लागते."

"हिरवं म्हणजे झाडं लावायची?"

"झाडं लावाच ना. पन हिरवा कारखाना मंजे ज्याच्यातून काहीच उडून जात नाही तो. जे उडून जाते त्याच्यातूनच धंदा काढा लागते. लिहा."

मी लिहायचो: 'अपव्यय टाळून त्यायोगे रोजगारवृद्धी साधणे.' ते वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "हे असं कोन बोलते?" मी म्हणायचो, "सरकार." मग ते "राहू द्या मंग" म्हणून सही ठोकायचे. उत्तरं आली नाहीत. नामदेवभाऊंनी वाटही पाहिली नाही.

त्यांनी स्वतःच भंगारातले पत्रे आणून एक उंच नरसाळं बनवलं आणि याच रस्त्यावरच्या किसनशेठच्या मिलच्या धुराड्याला जोडलं. धूर त्यात गरागरा फिरतो, जड राख खाली पडते आणि हवा वर जाते. त्याचं नाव त्यांनी 'भोवरा' ठेवलं. पहिल्या दिवशी भोवरा सुरू केला तेव्हा तो शिट्टी मारायला लागला. इतकी खणखणीत, की शेजारच्या मिलमधल्या कामगारांना जेवणाचा भोंगा झाला असं वाटलं आणि ते सकाळी चहाच्या वेळेलाच डबे घेऊन बाहेर आले. त्या मिलचा मॅनेजर नामदेवभाऊंना शोधत माझ्या दुकानात आला, तेव्हा ते लॅमिनेशन मशीनच्या मागे खाली बसले होते.

शिट्टी बंद झाली, पण भोवरा टिकला. बॉयलरची हवा त्यांनी अशी काही जुळवून दिली की भुसा कमी लागायला लागला. उरलेला भुसा दाबून त्याच्या कांड्या पाडायला लागले. त्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. तो चांगला तपकिरी असतो, पण धंद्यात असलं कोणी विचारत नाही. खाली पडलेली राख वीटवाले नेऊ लागले. एका मिलचं पाहून दुसरीने भोवरा मागितला, मग तुमसरहून माणूस आला, मग राजनांदगावहून. एकट्या नामदेवभाऊंना ते झेपेना, तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्या वर्कशॉपांना कामं वाटून दिली. पत्रा एकाने कापायचा, नळी दुसऱ्याने वळवायची. पुण्याला कंपनीत गेलेले दोघे-तिघे परत येऊन लेथवर उभे राहिले. माझ्याकडे कोटेशनांच्या झेरॉक्सची रांग लागली. हरित अर्थव्यवस्थेचा पहिला लाभ बसल्या जागी मला झाला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र नामदेवभाऊ काही केल्या बनवून देत नसत. ती म्हणजे धान वाळवायचं यंत्र, ड्रायर. लोक हातापाया पडायचे, पण भाऊ ढिम्म.

"सूर्य फुकट आहे. फुकटचा टाकून भुसा कायले जाळाचा?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

हे त्यांचं तत्त्व आहे असं मी बरेच दिवस समजत होतो. मग एकदा तुमसरच्या एका मिलमधला बंद पडलेला ड्रायर त्यांनी हसतखेळत दुरुस्त करून दिला. त्या मिलमध्ये आधीपासूनच सगळं काम यंत्रावर होतं, पटांगणात माणूस नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. किसनशेठच्या मिलमागे मोठं सिमेंटचं पटांगण आहे. वाफवलेलं धान तिथे पसरतात आणि बायका रांगेने त्यातून पाय ओढत चालतात, म्हणजे खालचं धान वर येतं. दिवसभर उन्हात, तापलेल्या सिमेंटवर हेच चालणं. त्या रांगेत सगळ्यात पुढे असतात भागाबाई, नामदेवभाऊंची मोठी बहीण.

आई लवकर गेली तेव्हा भागाबाईंनीच नामदेवभाऊंना वाढवलं. थंडीच्या दिवसात पटांगणाच्या कडेला भुशाच्या ढिगात खड्डा करून त्यात त्यांना झोपवायच्या आणि स्वतः धान फिरवायच्या. पुढे लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नाही. नामदेवभाऊंनी घरी राहायला ये म्हणून किती वेळा विनवलं असेल! कमलवहिनी स्वतः न्यायला गेल्या होत्या. भागाबाईंचं एकच उत्तर: "भावाच्या घरी बहीन दोन दिवस पाहुनी. तिसऱ्या दिवशी तिलेच कसंतरी वाटते." भाऊ दिवाळीला साडी घेऊन गेले तर त्या घेतात. त्याच्यावर एक कपभर साखर जास्त नेली तर परत पाठवतात. वर भर रस्त्यात टोमणे मारतात. "आला पाहा पांढरा बगळा! चिखलात पाय नाही अन् मासे मोजून राहिला." नामदेवभाऊ, जे मिलमालकाच्या नाकासमोर खांदा नाचवतात, ते या बाईसमोर खाली मान घालून निघून जातात.

दोन वर्षांपूर्वी थंडीत अवकाळी पाऊस आला. किसनशेठचं धान पटांगणात पसरलेलं होतं. बायकांनी धावाधाव करून गोळा केलं, ताडपत्र्या ओढल्या, तरी निम्मं भिजलं. भिजलेल्या उसन्या धानाला वास सुटतो, तांदूळ पिवळा पडतो आणि मग व्यापारी त्याला हात लावत नाही. किसनशेठ तणतणत वर्कशॉपमध्ये आले.

"नामदेव, तेरा सूरज तो भाग गया! अब मेरा धान कौन सुखाएगा, तेरा शर्ट?"

नामदेवभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला.

"देख, उन्हाळी धान आने तक कुछ कर. नहीं तो मैं बाहर से ड्रायर मंगा लूँगा. फिर पटांगण बंद. उधर गोदाम बनेगा."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचंही नुकसान झालं होतं. पण ड्रायर आला की पटांगण जाणार आणि पटांगण गेलं की बायकांचं काम जाणार, हे रस्त्यावर सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी भागाबाई वर्कशॉपच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"मी काही मांगाले नाही आली गा," त्या म्हणाल्या. "सांगाले आली. ड्रायर तूच बनव."

"बाई, कायले असं बोलून राहिली?"

"परक्याच्या मशिनीनं काम गेलं तं कोनाले बोलू? भावाच्या मशिनीनं गेलं तं रोज येऊन शिव्या तं देता येतीन!"

एवढं बोलून त्या निघून गेल्या. आम्ही तिथे असलेले सगळे हसलो. नामदेवभाऊ हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि पुढे बरेच दिवस सकाळची फेरीही मारली नाही. मला त्यांची काळजी वाटायला लागली. नुसता खांदा पाहायलासुद्धा माणूस ताळ्यावर लागतो.

मग एके दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि एका कागदावर रेघा मारून म्हणाले, "घर बांधून त्याच्याखाली धान नेता येत नाही. पन घरच धानावर नेता आलं तं?"

कल्पना अशी की पटांगणाच्या दोन्ही कडांना लोखंडी रूळ टाकायचे आणि त्यांवर चाकांवर उभं असलेलं लांबलचक छप्पर. छपराला फायबरचे पारदर्शक पत्रे. ऊन असलं की छप्पर ढकलून एका टोकाला ठेवायचं. ढग आले की बायकांनीच ते ओढून धानावर आणायचं. ना भुसा, ना वीज. सूर्याला सुट्टी नाही आणि बायकांनाही नाही. किसनशेठने कपाळावर हात मारला, पण ड्रायरपेक्षा स्वस्त पडत होतं म्हणून हो म्हणाले.

सगळी गल्ली कामाला लागली. छप्पर उभं राहिलं तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले आणि खोट्या पावसाची तालीम ठरली. बायकांनी जोर लावला, छप्पर ऐटीत निघालं आणि पटांगणाच्या मध्यावर जाऊन रुतलं. मागे जाईना, पुढे जाईना. वाकून पाहिलं तर रुळाच्या खाचेत धान गच्च भरलेलं. पायाने धान फिरवलं की ते कडेला सांडणारच, यात नवल काही नाही. पण ज्या माणसाचं बाळपण भुशात आणि उभं आयुष्य मिलांत गेलं, तो रूळ आखताना धानालाच विसरला होता.

"वा रे इंजिनेर!" भागाबाई म्हणाल्या. "आगगाडी आनली अन् टेसनातच फसवली."

नामदेवभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "बाई, तुहा खराटा दे बरं."

"बाजारात भेटते. विकत घे."

त्यांनी खरंच खराटे विकत आणले आणि प्रत्येक चाकाच्या पुढे एक खराटा बांधून टाकला. आता छप्पर निघालं की आधी खराटे झाडत जातात आणि मागून चाक येतं. दिसायला ते फार केविलवाणं दिसतं. पण अडकत नाही.

किसनशेठ पाहायला आले तेव्हा त्यांच्या नजरेने एक खोट पकडली. सगळं छप्पर पारदर्शक, पण एका टोकाचे दोन पत्रे टिनाचे.

"ये दो टीन के क्यों? इसके नीचे तो धान गीला ही रहेगा."

मी कान टवकारले. नामदेवभाऊ आता हवेचा दाब, वाऱ्याचा झोत असं काहीतरी तासभर ऐकवणार याची मला खात्री होती. भोवऱ्याने शिट्टी मारली तेव्हासुद्धा चूक भोवऱ्याची नसून वाऱ्याची आहे असं त्यांनी पटवून दिलं होतं. पण ते मान खाली घालून म्हणाले, "चूक झाली शेठ. माप चुकलं. फायबरचे पत्रे कमी पडले."

नामदेवभाऊंच्या तोंडून 'चूक झाली' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. रस्त्यावर पुढचे काही दिवस दुसरा विषय नव्हता. माप चुकलं म्हणे! तेही पत्र्याचं! लोक त्यांच्यासमोर मुद्दाम टेप उघडून बंद करायचे. ते सगळं निमूट ऐकून घ्यायचे.

त्याच आठवड्यात मी वर्कशॉपच्या मागे स्कूटर लावायला गेलो. भिंतीला टेकून, पोत्यांनी झाकून, फायबरचे दोन कोरे पत्रे उभे होते.

"भाऊ, पत्रे कमी पडले होते ना?"

"गुमान राहा दिलीपबाबू," ते दबक्या आवाजात म्हणाले आणि न मागता चहा सांगितला. मी चहा प्यालो. कोडं काही सुटलं नाही.

उन्हाळी धान आलं. एका दुपारी पश्चिमेकडून ढग चढले, वारा सुटला. बायकांनी पदर खोचले आणि छप्पर ओढलं. पाऊस तडतडत पत्र्यांवर पडत राहिला. खाली धान कोरडं आणि धानात उभ्या असलेल्या बायकाही कोरड्या. इतक्या वर्षांत पाऊस आला की भिजायचं ते आधी त्यांनीच. टिनाखालचा धानाचा पट्टा वाळायला एक दिवस उशीर लागला, त्यावर शेठ थोडे कुरकुरले. पण ड्रायरचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढे दोन मिलवाल्यांनी असंच छप्पर मागितलं. एकाने बजावलं, "लेकिन माप बराबर लेना."

मे महिन्यात बिलांच्या झेरॉक्स द्यायला मी भर दुपारी किसनशेठच्या मिलमध्ये गेलो. गोंदियाच्या मे महिन्यातली दुपार म्हणजे डोक्यावर तवा. पूर्वी या पटांगणाच्या टोकाला एक कडुनिंब होता. पटांगण वाढवताना तो गेला. तेव्हापासून बायका जेवायला उभ्या ट्रकच्या सावलीत बसायच्या आणि ट्रक निघाला की घास हातात घेऊन दुसऱ्या ट्रककडे जायच्या. हे मी कित्येकदा पाहिलं होतं आणि पाहून विसरलोही होतो.

त्या दिवशी छप्पर पटांगणाच्या टोकाला उभं होतं. फायबरच्या पत्र्यांखाली लखलखीत ऊन पडलेलं. आणि शेवटच्या दोन टिनाच्या पत्र्यांखाली, बरोबर जिथे कडुनिंब होता तिथे, गडद सावली. तिथे बायका डबे उघडून बसल्या होत्या. भागाबाई खांबाला टेकल्या होत्या. त्यांनी पाय लांब केले होते. त्यांचे तळवे मी पहिल्यांदा नीट पाहिले. भेगाळलेले, काळे, जागोजागी सोललेले.

मी छपराकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं आणि पोत्याखालचे दोन पत्रे आठवले. भाताची वाफ गेली तरी हळहळणाऱ्या या माणसाने दोन पत्र्यांचं ऊन जाणूनबुजून सोडलं होतं आणि वर माप चुकलं म्हणून सगळ्या गावाचं हसू अंगावर घेतलं होतं. बहिणीसाठी साधं छत बांधलं असतं तर ती त्याच्याखाली बसली नसती.

भागाबाई माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं.

"पत्रे कमी पडले मनते तो," त्या हळूच म्हणाल्या. "लहानपनापासून त्याले खोटं बोलता येत नाही."

मी हातातल्या झेरॉक्स उगाच सारख्या करायला लागलो.

"तुमी त्याले सांगू नोका जी, मले समजलं मनून. मले समजलं हे त्याले समजलं, तं मले उठा लागंन अठून."

संध्याकाळी नामदेवभाऊ दुकानात आले. स्टूल ओढलं. इकडचं तिकडचं बोलले. मग कीबोर्डकडे पाहत म्हणाले, "आज किसनशेठकडे गेले होते मनते तुमी. छप्पर बराबर चालून राहिलं ना?"

"चालतंय."

"अन् तठल्या बाया? काही मनत होत्या काय?"

"नाही," मी म्हणालो. "जेवत होत्या."

ते स्टूल घेऊन थोडे पुढे सरकले.

"बसून?" त्यांनी विचारलं.

"बसून," मी म्हणालो. "पाय लांब करून."

त्यांनी मान हलवली. मग चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसत माझ्या दुकानात बसून राहिले.